एकाच पुलावरच्या दोन बाटल्या, आकडे दोन: खोटं कोण बोलतंय?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. तुम्ही पंचगंगेकाठच्या गावात राहता, पाच-सहा जण मिळून नदीवर लक्ष ठेवता. एप्रिलमध्ये पुलाजवळून पाणी घेऊन खाजगी लॅबमध्ये दिलंत, बीओडी, म्हणजे पाण्यातल्या घाणीचं माप, आला लिटरला १२ मिलिग्रॅम. त्याच महिन्याचा, त्याच पुलाचा सरकारी आकडा ७. गाव म्हणतं सरकारी आकडा दाबलाय, कारखान्याची माणसं म्हणतात तुमची लॅब बोगस. तुम्ही विचारताय की खरा आकडा कोणता, आणि एवढा फरक पडत असेल तर या आकड्यांना अर्थ तरी काय.

बावीस वर्षं मी पाण्याचे नमुने घेते आणि तपासते. तुमच्या दोन कागदांकडे बघून मला तरी कोणी खोटं बोलल्याचं दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की दोन बाटल्या भरल्या गेल्या, दोन वेगळ्या वेळी, बहुतेक दोन वेगळ्या जागी, आणि कागदावर मात्र दोन्हींना एकाच पुलाचं नाव मिळालं. आकडा बाटलीचा असतो. तो नदीचा आहे असं म्हणायला मध्ये बरंच काही गृहीत धरावं लागतं, आणि सगळी गडबड त्या गृहीतात असते.

आधी लॅब बघू, कारण सगळ्यांचा संशय तिथेच जातो. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात त्याचं माप. ३०० मिलीच्या बाटलीत पाणी भरायचं, आजचा विरघळलेला ऑक्सिजन म्हणजे डीओ मोजायचा, बाटली अंधारात २७ अंशांवर तीन दिवस ठेवायची आणि पुन्हा डीओ मोजायचा. ही आपल्याकडची भारतीय मानकाची पद्धत. जुनी पद्धत २० अंश आणि पाच दिवसांची, काही लॅब अजून तीच वापरतात. दोन्हींचे आकडे साधारण जुळतात असं धरतात, तरी तुमच्या लॅबने कोणती वापरली ते विचारून घ्या.

आता डीओ कसा मोजतात ते जवळून बघा. बाटलीत रसायनं घातली की तपकिरी साका खाली बसतो. त्यावर ॲसिड घातलं की तो विरघळून पाणी मधासारखं पिवळं होतं. मग ब्युरेटमधून थायोसल्फेट सोडत जायचं. रंग वाळल्या गवतासारखा फिका झाला की स्टार्चचे चार थेंब टाकायचे, पाणी गडद निळं होतं. तिथून पुढे एकेक थेंब, निळा रंग जाईपर्यंत. २०० मिली पाणी आणि नेहमीच्या ताकदीचं थायोसल्फेट घेतलं तर एक मिली म्हणजे लिटरला एक मिलिग्रॅम ऑक्सिजन. एक थेंब साधारण ०.०५ मिली. दुपारी चार वाजता, विसाव्या बाटलीला, हात दोन-तीन थेंब पुढे गेला तर ०.१५ चा फरक. काहीच नाही म्हणाल. पण घाण पाणी तसंच ठेवलं तर तीन दिवसांच्या आतच सगळा ऑक्सिजन संपतो, म्हणून ते पातळ करावं लागतं. समजा पाचपट पातळ केलं. पहिला डीओ ७.४, तीन दिवसांनी ५.०, फरक २.४, गुणिले पाच, बीओडी १२. त्या ०.१५ लासुद्धा पाचने गुणा: पाऊण मिलिग्रॅम. दुसऱ्या बाटलीत चूक उलट्या बाजूला झाली तर दीड.

यात लॅबचा हलगर्जीपणा नाही, ही चाचणीच अशी आहे. लॅबची परीक्षा घ्यायला ग्लुकोज आणि ग्लुटामिक ॲसिडचं ठरलेलं द्रावण असतं. पाच दिवसांच्या पद्धतीने त्याचा बीओडी १९८ यायला हवा, आणि अधिक-उणे ३०.५ ची मुभा आहे. म्हणजे १६८ आणला तरी पास, २२८ आणला तरी पास. ही मुभा कोणी मनाने ठरवलेली नाही. अनेक लॅबनी तेच द्रावण मोजलं तेव्हा आकडे किती पसरले, त्यावरून ती आलेली आहे. टक्क्यांत साधारण १५. तेही माहितीच्या, स्वच्छ, साखरेसारख्या द्रावणाला. नदीचं पाणी एवढं गरीब नसतं.

हा १५ टक्क्यांचा हिशेब तुमच्या आकड्यांना लावा. १२ म्हणजे साधारण १० ते १४. ७ म्हणजे ६ ते ८. हे पट्टे एकमेकांना लागत नाहीत. पण शंभरातल्या पंच्याण्णव वेळा खरा ठरावा असा पट्टा हवा असेल तर तो दुप्पट रुंद करावा लागतो: १२ चा खाली साडेआठपर्यंत येतो, ७ चा वर नऊपर्यंत जातो, आणि कडा जेमतेम एकमेकींना टेकतात. म्हणजे नुसत्या लॅबच्या अंगाने हा फरक समजावता येईल, पण ओढूनताणून. उरलेलं उत्तर पुलावर आहे.

(जाता जाता एक. मी नवी असताना आमच्या लॅबला भारनियमनाचा फटका बसायचा. एका मे महिन्यात इन्क्युबेटर, म्हणजे बाटल्या ठरलेल्या तापमानाला ठेवायचं कपाट, रात्रभर बंद राहिला आणि सकाळी आतलं तापमान ३३ होतं. ते नमुने मी बाद केले. वरिष्ठ म्हणाले, 'एवढ्याने काय होतंय, आकडे लिही.' लिहिले असते तर कोणाला कळलंही नसतं. म्हणून लॅबला विचारायचा प्रश्न 'तुमची मशीन कोणती' हा नाही. 'मागच्या महिन्यात किती नमुने बाद केलेत' हे विचारा. कधीच केले नाहीत असं उत्तर आलं तर मला काळजी वाटते.)

आता नदी. इथे परिस्थितीवर बरंच अवलंबून आहे, आणि तुम्ही न सांगितलेल्या काही गोष्टी मला माहीत नाहीत. पहिली म्हणजे तारीख. 'त्याच महिन्यात' हे पुरेसं नाही. राधानगरी धरणातून आवर्तन, म्हणजे ठरलेल्या पाळीचं पाणी, सुटलेलं असताना घेतलेलं पाणी आणि त्याआधी आठवडाभर साठून राहिलेलं पाणी, यांची तुलनाच होत नाही. घाण तेवढीच असली तरी पाणी वाढलं की आकडा उतरतो. पाटबंधारेवाल्यांकडे विसर्गाच्या नोंदी असतात, आपल्या नमुन्याच्या तारखेशेजारी त्या लिहून ठेवा. विसर्गाशिवाय बीओडीचा आकडा म्हणजे किती पाण्यात टाकलं ते न सांगता किती मीठ टाकलं ते सांगणं.

दुसरी गोष्ट बंधारा. पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे एकामागोमाग आहेत: राजाराम, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ. पावसाळा संपला की बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात, पुढचा पाऊस यायच्या आत काढतात. बरगे घातलेले असताना नदी ही नदी नसते, एकामागे एक लावलेली तळी असतात. बंधाऱ्याच्या वरच्या अंगाला पाणी थांबलेलं, हिरवं किंवा जलपर्णीने झाकलेलं. खालच्या अंगाला तेच पाणी फळ्यांच्या फटींतून पडतं, फेसाळतं आणि हवा घेतं. खाली डीओ मोजलात तर छान येईल. बीओडी मात्र तेवढाच राहील, कारण घाण कुठेही गेलेली नाही. सरकारी नमुना खालून आणि तुमचा वरून, किंवा उलट, असं असेल तर पन्नास मीटरांत दोन वेगळी पाणी तुम्ही मोजलीत. 'पुलाजवळ' हा शब्द अहवालातून काढून टाका. पुलाचा कितवा गाळा, कोणता काठ, बंधारा असेल तर वर की खाली, असं लिहा.

काठाचं महत्त्व लोकांना पटत नाही. नाला नदीला मिळाला की लगेच मिसळतो असं वाटतं. तसं होत नाही. संथ नदीत नाल्याचं पाणी आपल्याच काठाला चिकटून बरंच अंतर जातं, कधी कधी डोळ्यांनीही दिसतं, काळपट पट्टा. कोल्हापुरात जयंती नाल्यासारखा नाला ज्या अंगाने येतो त्या अंगाचं पाणी आणि मधल्या धारेचं पाणी वेगळं येणारच. यावर माझा उपाय स्वस्त आहे. हातात धरायचा कंडक्टिव्हिटी मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारं यंत्र, घ्यायचा, पुलावरून दोरीला बादली बांधून या काठापासून त्या काठापर्यंत पाच ठिकाणचं पाणी वर काढायचं आणि मोजायचं. पाचही आकडे जवळपास सारखे असतील तर पाणी मिसळलेलं आहे, कुठूनही घ्या. एका काठाला आकडा उडी मारत असेल तर तिथून घेतलेला एक नमुना त्या काठाचा, सगळ्या नदीचा नाही. शाळेतली मुलं हे अर्ध्या तासात करतील, आणि त्यांना मजाही येईल.

फक्त त्याच बादलीतलं पाणी डीओसाठी वापरू नका. बादलीत पडताना ते हवा घेतं.

तिसरी गोष्ट वेळ, आणि एप्रिलमध्ये माझ्या मते हीच सगळ्यात मोठी. थांबलेल्या हिरव्या पाण्यात शेवाळ दिवसभर ऑक्सिजन सोडतं आणि रात्रभर घेतं. कोल्हापूरच्या उंचीवर २७ अंशांना पाण्यात जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. पण भर दुपारी अशा डोहात मी नऊच्या वर डीओ मोजलाय, आणि त्याच जागी दुसऱ्या पहाटे साडेपाचला दोनच्याही खाली. आंघोळीच्या पाण्याला डीओ किमान ५ आणि बीओडी जास्तीत जास्त ३ असा निकष आहे. दुपारी गेलात तर डीओच्या निकषात नदी पास, पहाटे गेलात तर नापास. मासे पहाटे मरतात. सरकारी गाडी अकरा वाजता येते. यात कोणाचं कारस्थान नाही, ऑफिस दहाला उघडतं एवढंच. पण वर्षानुवर्षं सगळे आकडे अकरा ते तीनमधलेच असतील, तर ती चूक सरासरी काढून जात नाही. इकडे तिकडे पसरलेली चूक जास्त नमुन्यांनी कमी होते. एकाच बाजूला झुकलेली चूक जास्त नमुन्यांनी फक्त ठाम होत जाते.

शेवाळ बीओडीतही घुसतं. बाटली अंधारात ठेवली की त्यातलं शेवाळ श्वास घेतं, मरतं, कुजतं, आणि तो ऑक्सिजन बीओडीत मोजला जातो. म्हणजे तुमच्या १२ मधले काही सांडपाण्याचे आणि काही शेवाळाचे असू शकतात. त्यासाठी एकाच नमुन्याचे दोन भाग करायला सांगा, एक तसाच, एक गाळून. गाळलेल्याचा आकडा निम्म्यावर आला तर बराच वाटा तरंगणाऱ्या गोष्टींचा, आणि पाणी हिरवं असेल तर बहुधा शेवाळाचा. ते शेवाळ तरी कशावर वाढलं, हा प्रश्न उरतोच. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर. पण भांडायला जाताना आपल्या आकड्यात काय काय आहे ते माहीत असावं.

उलटंही होतं. कापड प्रक्रियेचं किंवा धातूचं पाणी मिसळलेलं असेल तर बाटलीतले जिवाणूच दबतात आणि बीओडी कमी येतो. ओळख अशी: तोच नमुना पाचपट, दहापट, वीसपट पातळ करून लावला आणि पातळ करत जाऊ तसा बीओडी चढत गेला, तर पाण्यात काहीतरी विषारी आहे. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला काम करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तिथे कमी आलेला बीओडी बघून खूश होऊ नये.

चौथी गोष्ट बर्फ. नमुना चार अंशांवर, अंधारात, आणि चोवीस तासांच्या आत लॅबमध्ये लागायला हवा. तुमचा नमुना एसटीने गेला की मोटारसायकलच्या डिकीत? एप्रिलच्या उन्हात तीन तास तापलेल्या बाटलीत जिवाणूंनी घाण खायला आधीच सुरुवात केलेली असते, त्यामुळे बीओडी साधारण कमीच येतो. तुमचा आकडा जास्त आहे, म्हणजे हे कारण तुमच्या बाजूने लागू होत नाही. दुसऱ्या नमुन्याला लागू होतं का, ते प्रवासाची नोंद बघून ठरेल. माहितीच्या अधिकारात ती मागता येते.

अहवालात कोलिफॉर्मचाही, म्हणजे मैल्याची खूण सांगणाऱ्या जिवाणूंचाही, रकाना असेल. त्याबद्दल थोडक्यात. पाच-पाच नळ्यांच्या तीन ओळी लावून, किती नळ्यांत वाढ झाली ते मोजून तक्त्यातून आकडा वाचतात. नावातच 'सर्वांत संभाव्य संख्या' आहे. तक्त्यात शेजारी पट्टा दिलेला असतो, आणि तो साधारण एक तृतीयांशापासून तिपटीपर्यंत जातो. म्हणजे ५०० च्या जागी खरा आकडा १७० असू शकतो किंवा १५००. या रकान्यात दुप्पट-तिप्पट फरकावरून कोणाशीही वाद घालू नका. दहापट फरक दिसला तर उठा. आणि सगळ्या नळ्यांत वाढ झाली तर तक्ता संपतो, अशा वेळी आकडा '१६०० पेक्षा जास्त' असा लिहितात. संगणकावर भरताना ते 'पेक्षा जास्त' गळून पडतं आणि नुसतं १६०० उरतं. महिनोन् महिने एकच गोल आकडा दिसला की मी मूळ नोंदवही मागते.

आता तुमचा दुसरा प्रश्न, अर्थ काय. तो तुम्ही आकड्याला काय विचारता त्यावर आहे. 'हे पाणी आंघोळीला चालेल का' असं विचारलंत तर मर्यादा ३ आहे. ७ असो की १२, सगळी अनिश्चितता उणे बाजूला ओढली तरी दोन्ही मर्यादेच्या वर. इथे गाव, लॅब आणि सरकार तिघं एकच सांगतायत आणि तिघांना ते ऐकू येत नाहीये. आकडा ३.२ असता तर मी म्हटलं असतं, गप्प बसा, अजून नमुने घ्या.

'नदी किती वाईट' असं विचारलंत तर मात्र फरक जड होतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ प्रदूषित नदीपट्ट्यांचे बीओडीनुसार पाच वर्ग करतं: ३० च्या वर पहिला, २० ते ३० दुसरा, १० ते २० तिसरा, ६ ते १० चौथा, ३ ते ६ पाचवा. तुमचे ७ चौथ्यात पडतात, १२ तिसऱ्यात. या मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात असे ३५१ पट्टे होते, महाराष्ट्रात ५३. २०२२ च्या यादीत देशात ३११ आणि महाराष्ट्रात ५५. अशा याद्या आल्या की नदी वर्ग चढली-उतरली अशा बातम्या येतात. पट्टा ९.५ वरून १०.५ वर गेला की नदी बिघडली, उलट झालं की सुधारली. चाचणीचीच लवचीकता यापेक्षा जास्त आहे, हे वर आलंच.

आणि 'गेल्या वर्षी कोणी काळं पाणी सोडलं का' असं विचारलंत, तर महिन्यातून एका नमुन्याने उत्तर मिळत नाही. हिशेब करून बघा. समजा वर्षात दहा दिवस कोणीतरी रात्रंदिवस मळीचं पाणी सोडलं, आणि आपण वर्षातून बारा वेळा कुठल्याही दिवशी गेलो. एकदाही न सापडण्याची शक्यता शंभरात ७२. फक्त रात्री सोडलं आणि आपण दिवसा गेलो, तर जवळपास शंभर. म्हणून मासिक आकड्यांत काही दिसलं नाही याचा अर्थ काही घडलं नाही असा होत नाही. तिथे तुमच्यासारखी काठावर राहणारी माणसं लागतात, वासाची, फेसाची, तडफडणाऱ्या माशांची वेळ लिहून ठेवणारी. त्या वहीला मी लॅबच्या कागदाएवढंच वजन देते, फक्त तिच्यात वेळ आणि जागा हवी.

सापडलं तर काय, तेही सांगते. अकरा महिने ६ आणि एक महिना ४० आला तर सरासरी ८.८ होते. ८.८ हा आकडा कुठल्याच महिन्यात नदीत नव्हता. मधला आकडा ६ आहे, तो नेहमीची नदी सांगतो. ४० त्या एका घटनेचा आहे, तो वेगळा, तारखेसकट लिहायचा. दोन्ही कालवून ८.८ करू नका, नेहमीची नदीही बिघडते आणि घटनाही लपते.

मग तुम्ही काय करावं? तुमचे पैसे थोडे आहेत हे धरून सांगते. महिन्याला चार ठिकाणचे चार नमुने घेण्यापेक्षा एकाच ठिकाणी, संशयित नाल्याच्या वर आणि खाली, एकाच तासात असे दोन घ्या आणि एकाच लॅबला द्या. लॅब दहा टक्के चढं मोजत असेल तर दोन्ही चढे येतील, फरकाची दिशा खरी राहील. चार-पाच महिन्यांतून एकदा एकाच बाटलीतलं पाणी दोन नावांनी त्याच लॅबला पाठवा, सांगू नका. मी असं केलं होतं तेव्हा एकाचे ८ आले आणि दुसऱ्याचे ११, आणि लॅब चांगली होती. त्या दिवसापासून मी तीनच्या फरकावर पत्रक काढत नाही. एनएबीएल, म्हणजे लॅबना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ, त्याच्या मान्यतेची लॅब असेल तर तिला मापन अनिश्चितता काढावीच लागते. अहवालावर छापा असं सांगा, वेगळे पैसे लागू नयेत.

आणि सरकारी कर्मचाऱ्यांना एकदा तुमच्या घाटावर बोलवा. त्यांची बाटली आणि तुमची बाटली एकाच पाण्यातून, एकाच वेळी भरा, दोन लॅबना द्या. मी दोनदा हे जुळवून आणलंय. दोन्ही वेळा आकडे वेगळे आले, पण आधीएवढे नाही, आणि पुढच्या बैठकीत आवाज निम्म्यावर आले होते.

तुम्ही पाठवलेले दोन फोटो मी मोठे करून पाहिले. तुमच्या लॅबच्या कागदावर नमुना घेतल्याची वेळ आहे, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. दुसऱ्या कागदावर फक्त महिना आहे. आधी तेवढी तारीख आणि वेळ मिळवा, मग त्या दिवशी बरगे घातलेले होते का आणि विसर्ग किती होता, ते मला कळवा.